चिखलातील कमळ : आचार्य कुमारजीव यांचे जीवन

वाचकहो, चीन, जपान, कोरिया आणि व्हिएतनाम या देशांतील असंख्य मंदिरांत आजही सूत्रपठण होते. त्यांतील कितीतरी सूत्रांच्या आरंभी अनुवादक म्हणून एकच नाव येते, ते म्हणजे कुमारजीव. या गोष्टीला सोळाशे वर्षे लोटली. राजवंश आले आणि गेले. त्याच ग्रंथांचे पुढे नवे अनुवादही झाले. पण लोकांच्या ओठांवर टिकली ती कुमारजीवांचीच वाणी. हे नाव आपल्या कानाला परके वाटत नाही, कारण ते संस्कृत आहे. त्यांचे वडील भारतीय होते. तरीही आपल्यापैकी फार थोड्यांना त्यांची जीवनकथा ठाऊक असते.

ही कथा केवळ विद्वत्तेची नाही. ज्याने एक व्रत प्राणापलीकडे जपायचे ठरवले आणि ज्याचे ते व्रत सत्तेने बळजबरीने मोडले, अशा साधकाने पुढे काय करावे? हा प्रश्न त्यांच्या जीवनाच्या मध्यभागी आहे. तो मनात ठेवून आपण त्यांच्याबरोबर थोडा प्रवास करू या.

त्या काळचा चीन

चीनचा इतिहास आपण बहुधा मोठ्या राजवंशांच्या नावांनी ओळखतो : छिन, हान, थांग, सोंग, मिंग आणि शेवटी छिंग. पण दोन मोठ्या राजवंशांच्या मध्ये जे अंधाराचे काळ येऊन गेले, त्यांकडे आपले लक्ष क्वचित जाते. इ. स. २२० मध्ये हान साम्राज्य कोसळले. तीन राज्ये एकमेकांशी झुंजत राहिली. २८० मध्ये जिन वंशाने देश पुन्हा एक केला, पण ती एकी फार टिकली नाही. ३१६ पर्यंत उत्तर चीन त्याच्या हातून निसटला होता. जिन दरबार दक्षिणेकडे सरकला आणि उत्तरेत एकामागून एक राज्ये उभी राहू लागली व पडू लागली. चिनी इतिहासकार या कालखंडाला सोळा राज्यांचा काळ म्हणतात.

आज ज्याच्या राजवाड्यात दिवे लागले आहेत, त्याचे डोके उद्या भाल्यावर दिसावे, असा तो काळ होता. शेतकरी गावे सोडून पळत होते. अशा वेळी दुःखाचे कारण आणि त्यातून सुटण्याची वाट सांगणारा बुद्धाचा धर्म लोकांना जवळचा वाटू लागला, यात नवल नाही. तो चीनमध्ये पोहोचून तोवर तीन शतके झाली होती. मठ होते, भिक्षू होते, अनुवादही होते. पण ते अनुवाद अवघड आणि अडखळणारे होते. शून्यतेसारखी संकल्पना समजावण्यासाठी ताओ परंपरेतील शब्द उसने घेतले जात, त्यामुळे शून्यता म्हणजे केवळ अभाव, काहीच नसणे, असा समज पसरला होता. चीनला तहान लागली होती, पण पाणी गढूळ होते.

वडिलांचा त्याग, आईचा निश्चय

कुमारजीवांचे वडील कुमारायण हे भारतातील एका प्रतिष्ठित घराण्यातले होते. त्या घराण्यात मंत्रिपद वंशपरंपरेने चालत आले होते. ते पद स्वीकारण्याची वेळ आली तेव्हा कुमारायणांनी ते सोडले, घर सोडले आणि पामीरचे उत्तुंग पर्वत ओलांडून ते पूर्वेकडे निघाले. तकलामकान वाळवंटाच्या उत्तर कडेला, रेशीम मार्गावर कुचा नावाचे एक राज्य होते. आज ते ठिकाण चीनच्या शिनजियांग प्रांतात आहे. कुचाच्या राजाने या विरक्त पाहुण्याचा मोठा सत्कार केला आणि त्यांना राजगुरू केले.

राजाला एक बहीण होती. तिचे नाव जीवा. ती अतिशय बुद्धिमान होती. अनेक राज्यांतून आलेल्या मागण्या तिने नाकारल्या होत्या, पण कुमारायणांना पाहताच तिने त्यांच्याशीच विवाह करायचे ठरवले. संसार सोडून निघालेल्या माणसाला राजाने आग्रह करकरून संसारात आणले. या दांपत्याला इ. स. ३४४ च्या सुमारास पुत्र झाला. आई आणि वडील या दोघांच्या नावांवरून त्याचे नाव कुमारजीव ठेवले गेले.

आता नियतीचा खेळ पाहा. ज्या पित्याने संन्यासाची वाट धरली होती तो गृहस्थ झाला, आणि जिने हट्टाने गृहस्थाश्रम मागून घेतला होता त्या मातेला वैराग्य आले. एकदा नगराबाहेर फिरताना तिला स्मशानात इतस्ततः विखुरलेली हाडे दिसली. या देहाचा शेवट हाच असेल तर मी कशात गुंतून पडले आहे, हा विचार तिच्या मनाला बोचू लागला. पतीने संन्यासाला अनुमती दिली नाही, तेव्हा तिने अन्न सोडले. सहा दिवसांच्या उपवासानंतर तिची प्रकृती इतकी खालावली की अखेर पती नमला. तिचे केस उतरवले जाईपर्यंत तिने अन्नाला स्पर्श केला नाही. त्या वेळी कुमारजीव सात वर्षांचा होता. आईच्या मागोमाग तोही घराबाहेर पडला.

काश्मीरचे गुरू आणि काशगरचे भिक्षापात्र

बालवयातच तो दिवसाला हजार गाथा पाठ करत असे, असे प्राचीन चिनी चरित्रकार लिहितात. नऊ वर्षांचा झाल्यावर आई त्याला घेऊन सिंधू नदी ओलांडून काश्मीरला आली. त्या काळच्या वाटा आठवून पाहा. एक भिक्षुणी, बरोबर लहान मूल, मध्ये बर्फाचे घाट, खोल दऱ्या आणि दोरांचे पूल. राजभगिनी म्हणून तिला मिळणारा मानसन्मान मुलाच्या साधनेत अडथळा ठरेल, म्हणून तिने कुचाचा सुखाचा मुक्काम सोडला होता. काश्मीरमध्ये आचार्य बंधुदत्त यांच्याजवळ बसून कुमारजीवाने आगमांचे अध्ययन केले. राजसभेत वयस्क पंडितांशी वाद करून त्यांना निरुत्तर केले, तेव्हा त्याची कीर्ती सर्वत्र पसरली.

बारा वर्षांचा असताना तो आईबरोबर परत निघाला. वाटेत एका अर्हताने आईला सावध केले होते, अशी परंपरा सांगते. या मुलाचे शील ठराविक वयापर्यंत अभंग राहिले तर तो धर्माचा महान प्रसार करील आणि असंख्य जीवांना तारील. ते अभंग राहिले नाही, तर तो केवळ एक हुशार आणि नामांकित आचार्य होऊन राहील, असे त्या अर्हताने सांगितले. ही गोष्ट लक्षात ठेवा, वाचकहो. आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

काशगरला बुद्धांचे म्हणून पूजले जाणारे एक भिक्षापात्र होते. कुमारजीवाने ते उचलून सहज मस्तकी धरले. तेवढ्यात त्याच्या मनात आले की पात्र एवढे मोठे, मग ते इतके हलके कसे? हा विचार येताच पात्र इतके जड झाले की ते पेलवेना. त्याने ओरडून ते खाली ठेवले. आईने कारण विचारले. तेव्हा त्याने सांगितले की माझ्या मनात भेद उमटला, म्हणून पात्राला हलके आणि जड हे गुण आले. या कथेचा अर्थ आपणही आपल्या दिवसभराच्या कामात पडताळून पाहू शकतो. जे काम आपण सहज उचलतो, तेच काम मनात तुलना शिरली की जड होते.

काशगरला तो सुमारे वर्षभर राहिला. तेथे त्याने वेद, व्याकरण आणि इतर शास्त्रांचाही अभ्यास केला. तेथेच त्याला सूर्यसोम नावाचे आचार्य भेटले. यारकंदच्या राजकुळात जन्मून त्यांनी संन्यास घेतला होता. त्यांनी कुमारजीवाला महायानाचे आणि नागार्जुनांच्या मध्यमक दर्शनाचे दार उघडून दिले. आरंभी कुमारजीवाने बराच वाद घातला. पण सत्य पटल्यावर त्याने मोकळेपणाने मान्य केले की आजवर मी सोने न ओळखणाऱ्या माणसासारखा पितळेलाच उत्तम समजत होतो. इतकी कीर्ती मिळालेल्या माणसाने आपली समजूत चुकली हे उघड कबूल करावे, ही लहान गोष्ट नव्हे.

गुरू झाला शिष्य

विसाव्या वर्षी कुचाच्या राजवाड्यात त्यांना पूर्ण उपसंपदा मिळाली. त्यानंतर आईने भारतात जायचे ठरवले. निघताना ती मुलाशी जे बोलली, त्यात तिचे सारे मातृत्व आणि सारे वैराग्य एकवटले होते. हा गहन धर्म पूर्वेकडे, चीनमध्ये पसरायला हवा आणि ते काम तुझ्याच हातून होऊ शकते. मात्र त्यात तुझे स्वतःचे काही हित होणार नाही, असे तिने सांगितले. कुमारजीवांनी उत्तर दिले की बोधिसत्त्वाचा मार्गच मुळी दुसऱ्याच्या हितासाठी स्वतःला विसरण्याचा आहे. त्यासाठी देह तापलेल्या भट्टीत घालावा लागला तरी मला खंत वाटणार नाही. माय-लेकरांची ती अखेरची भेट ठरली.

पुढे काश्मीरचे त्यांचे गुरू बंधुदत्त कुचाला आले. शिष्याने महायानाचा स्वीकार केला हे त्यांना रुचले नव्हते. त्यांनी एक दृष्टान्त दिला. एका वेड्याने कातणाऱ्याला अतिशय बारीक सूत कातायला सांगितले. कितीही बारीक सूत कातले तरी वेड्याचे समाधान होईना. शेवटी वैतागून कातणाऱ्याने रिकाम्या हवेकडे बोट दाखवले आणि हेच ते सूत, ते इतके बारीक आहे की आमच्या निष्णात कारागिरांनाही दिसत नाही, असे सांगितले. वेड्याने खूश होऊन बक्षीस दिले. तुझी शून्यताही तशीच आहे, असे बंधुदत्तांचे म्हणणे होते. कुमारजीव चिडले नाहीत आणि गप्पही बसले नाहीत. महिनाभराहून अधिक काळ ते नम्रपणे एकेक मुद्दा उलगडत राहिले. अखेर वृद्ध गुरूंना पटले. हीनयानात मी तुझा गुरू आणि महायानात तू माझा गुरू, असे म्हणून बंधुदत्तांनी शिष्याला वंदन केले. शिष्याची विनम्रता मोठी की गुरूची, हे ठरवणे कठीण आहे.

त्या वर्षांत कुमारजीवांची कीर्ती मध्य आशियाभर पसरली होती. कुचाच्या राजाने त्यांच्यासाठी सोन्याचे सिंहासन करवले होते. प्रवचनाच्या वेळी राजे गुडघे टेकून आसनाशेजारी वाकत आणि त्यांच्या पाठीवर पाय ठेवून कुमारजीव वर चढत, असे चरित्रात म्हटले आहे.

व्रतभंग

ही कीर्ती चीनपर्यंत पोहोचली. उत्तर चीनवर त्या वेळी फू ज्यान हा बलाढ्य राजा राज्य करत होता. त्याच्या आश्रयाला असलेले ज्येष्ठ भिक्षू दाओआन यांनी कुमारजीवांना बोलावून घ्यावे असा आग्रह धरला होता. राजाने बोलावणे पाठवले ते सत्तर हजार सैन्यासह. या सैन्याचा सेनापती होता ल्यू क्वांग. इ. स. ३८४ मध्ये कुचा पडले, राजा मारला गेला आणि कुमारजीव सेनापतीच्या हाती सापडले.

ल्यू क्वांगला धर्माशी काही देणेघेणे नव्हते. समोर उभा असलेला भिक्षू हा त्याच्या लेखी चेष्टेचा विषय होता. त्याने कुचाच्या राजकन्येशी विवाह करण्याचा हुकूम दिला. कुमारजीवांनी नकार दिला, विनवण्या केल्या. सेनापती हसला. तुझ्या बापानेही संन्यास सोडून लग्न केलेच होते, तू काय त्याच्याहून मोठा लागून गेलास, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याने कुमारजीवांना मद्य पाजले आणि राजकन्येसह एका खोलीत कोंडले. अशा रीतीने त्यांचे व्रत मोडले. त्यांना द्वाड घोड्यावर आणि बैलावर बसवून खाली पाडण्याचा खेळही सेनापतीने केला. राजे ज्यांच्यासाठी पाठ वाकवत, ते आचार्य आता सैनिकांच्या हसण्याचा विषय झाले.

कुमारजीवांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. त्यांनी शाप दिला नाही की जीव दिला नाही. शेवटी सेनापतीलाच लाज वाटली आणि त्याने तो खेळ थांबवला.

परतीच्या वाटेवर सैन्याने एका डोंगराच्या पायथ्याशी तळ ठोकला. ही जागा धोक्याची आहे, तळ उंचावर हलवा, असे कुमारजीवांनी सांगितले. ज्याने अपमान केला त्याचेही प्राण वाचावेत म्हणून दिलेला तो इशारा होता. कोणी ऐकले नाही. रात्री मुसळधार पावसाने पूर आला आणि हजारो सैनिक बुडाले. त्यानंतर ल्यू क्वांग त्यांचे थोडेबहुत ऐकू लागला.

सतरा वर्षांची शांतता

दरम्यान ज्याने हे सैन्य पाठवले होते तो फू ज्यान ३८३ मध्ये फेई नदीच्या लढाईत दक्षिणेच्या जिन सैन्याकडून पराभूत झाला आणि ३८५ मध्ये मारला गेला. ल्यू क्वांगने परत जाण्याऐवजी गुझांग येथे, म्हणजे आजच्या कान्सू प्रांतातील वूवेई येथे, स्वतःचे राज्य स्थापन केले. कुमारजीव तेथे अडकले ते तब्बल सतरा वर्षे.

आपण या सतरा वर्षांचा विचार करावा असे वाटते. वयाच्या चाळिशीपासून सत्तावन्नपर्यंतचा, कर्तृत्वाचा सर्वोत्तम काळ. ना सभा, ना ग्रंथांचे काम, ना धर्माची चाड असलेला राजा. दरबाराला त्यांचा उपयोग होता तो शकुन सांगण्यापुरता. मोडलेले व्रत आणि वाया जाणारे आयुष्य, एवढेच पाहिले असते तर निराशेला पुरेसे कारण होते.

पण या काळात त्यांनी एक गोष्ट केली. ते चिनी भाषा शिकले. बाजारात बोलली जाणारी आणि ग्रंथांत लिहिली जाणारी, दोन्ही प्रकारची चिनी त्यांनी आत्मसात केली. आधीच्या बहुतेक परदेशी अनुवादकांना दुभाष्यावर विसंबावे लागे, कुमारजीवांना पुढे तशी गरज उरली नाही. जो तुरुंग वाटत होता, तीच त्यांची पाठशाळा ठरली. याच काळात सेंगझाओ नावाचा एक तरुण त्यांना शोधत गुझांगला आला. हा मुलगा गरीब घरचा होता आणि लोकांसाठी पुस्तकांच्या नकला करून पोट भरत असे. नकला करता करता त्याने इतके वाचले की तो स्वतःच विचारवंत झाला. पुढे तो कुमारजीवांच्या श्रेष्ठ शिष्यांपैकी एक ठरला.

चांगआनमधील बारा वर्षे

इ. स. ४०१ मध्ये चांगआनचा राजा याओ शिंग याच्या सैन्याने गुझांगच्या राज्याला शरण आणले आणि वर्ष संपता संपता कुमारजीव चांगआनला, म्हणजे आजच्या शीआन शहरी पोहोचले. या राजाला धर्माची ओढ होती. त्याने त्यांना राजगुरूचा मान दिला आणि एका राजोद्यानात अनुवादाचे केंद्र सुरू करून दिले.

तेथे काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. महाप्रज्ञापारमिता सूत्राच्या अनुवादाच्या वेळी पाचशेहून अधिक भिक्षू जमले होते. कुमारजीव हातात मूळ ग्रंथ धरून त्याचा अर्थ चिनी भाषेत तोंडी सांगत. राजा स्वतः जुना अनुवाद हाती घेऊन ताडून पाही. मग चर्चा होई, शंका विचारल्या जात, शब्द बदलले जात आणि सर्वांना पटल्यावरच ओळ लिहिली जाई. एकदा जुन्या सद्धर्मपुंडरीकातील एक ओळ त्यांना अर्थाने बरोबर पण फार रुक्ष वाटली. शिष्य सेंगरुई याने देव आणि मानव यांचा परस्परसंपर्क सुचवणारी सुबक शब्दयोजना सुचवली. आचार्यांनी आनंदाने ती जशीच्या तशी स्वीकारली. विद्यार्थ्याचा चांगला शब्द घेताना त्यांना कमीपणा वाटला नाही.

अनुवादाच्या मर्यादाही ते जाणून होते. भारतात स्तोत्रे गाण्यासाठी रचलेली असतात. त्यांचा अनुवाद म्हणजे स्वतः चावलेला भात दुसऱ्याला भरवण्यासारखे आहे, चव तर जातेच, वर किळसही येते, असे ते म्हणत. आणि तरीही त्यांनी ते काम सोडले नाही.

सुमारे बारा वर्षांत त्यांच्या हातून जे झाले ते थक्क करणारे आहे. सुखावतीतील अमिताभ बुद्धांचे वर्णन करणारे लघुसूत्र, वज्रच्छेदिका, विमलकीर्तिनिर्देश, सद्धर्मपुंडरीक, नागार्जुनांचे मध्यमकशास्त्र आणि शंभर गुंडाळ्यांचे महाप्रज्ञापारमितेवरील भाष्य. एका जुन्या सूचीत त्यांचे ३५ ग्रंथ आणि २९४ गुंडाळ्या नोंदल्या आहेत. शून्यता म्हणजे अभाव नव्हे, तर कोणतीही वस्तू कारणांवर आणि संबंधांवर अवलंबून असते, तिला स्वतंत्र स्वभाव नसतो, हा नागार्जुनांचा विचार चीनला प्रथमच स्वच्छ शब्दांत मिळाला. दक्षिणेकडील लूशान पर्वतावर राहणारे विख्यात आचार्य हुईयुआन पत्रांतून शंका विचारत आणि कुमारजीव त्यांना सविस्तर उत्तरे देत.

कमळ घ्या, चिखल सोडा

पण जुनी जखम पुन्हा उघडी पडली. एवढ्या बुद्धिमान पुरुषाचा वंश खुंटू नये, असे राजाच्या मनाने घेतले. त्याने दहा स्त्रिया त्यांच्या सेवेला दिल्या आणि त्या स्वीकारण्यास भाग पाडले. भिक्षूंच्या विहारात राहणे आता शक्य नव्हते. त्यांना वेगळ्या घरात राहावे लागले. पहिल्या वेळी शत्रूने अपमान म्हणून जे केले, तेच दुसऱ्या वेळी भक्ताने प्रेमापोटी केले. सत्तेचे प्रेमही कधी कधी किती आंधळे असते!

आता त्यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. एक, झाले ते लपवणे. दुसरा, आपल्यासारख्या ज्ञान्याला नियम लागू नाहीत असे तत्त्वज्ञान रचणे. शून्यतेच्या आचार्याला दुसरा मार्ग तर फारच सोपा होता. कुमारजीवांनी दोन्ही नाकारले. प्रवचनाला बसताना ते आधीच सांगत की चिखलात कमळ उगवते. तुम्ही कमळ तेवढे घ्या, चिखल उचलू नका. जो धर्म मी सांगतो तो निर्मळ आहे, माझ्या आयुष्याचे अनुकरण मात्र करू नका, असा त्याचा सरळ अर्थ होता.

काही भिक्षूंनी त्यांच्याकडे बोट दाखवून स्वतःच्या स्खलनाचे समर्थन सुरू केले. तेव्हा कुमारजीवांनी एका पात्रात सुया भरून आणल्या. ज्याला माझ्यासारखे हे खाता येईल त्याने खुशाल संसार करावा, असे म्हणून त्यांनी त्या सुया अन्नासारख्या खाऊन दाखवल्या आणि भिक्षू शरमले, अशी आख्यायिका आहे. घटना शब्दशः घेण्याची गरज नाही. दुसऱ्याच्या दुर्बलतेचा आधार घेऊन स्वतःला सैल सोडू नये, हे तिचे सार आहे.

भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ, म्हणजे विनय, चिनी भाषेत आणण्याचे काम याच काळात झाले. काश्मीरहून आलेल्या एका भिक्षूला तो मुखोद्गत होता, तो म्हणत असे आणि कुमारजीव अनुवाद करत. तो भिक्षू मध्येच वारला, तेव्हा दुसऱ्याच्या साहाय्याने काम पुढे नेले गेले. ज्याचे स्वतःचे शील मोडले गेले होते, त्याने शीलाचा ग्रंथ इतरांसाठी सिद्ध करून ठेवावा, यापेक्षा मोठे प्रायश्चित्त कोणते? त्यांचे जुने विनयगुरू विमलाक्ष चांगआनला आले, तेव्हा कुमारजीवांनी त्यांना शिष्याच्या नात्याने आदराने वंदन केले. तुमच्याकडून धर्म घेणारे शिष्य किती, असे गुरूंनी विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की माझ्याकडून धर्म ऐकणारे पुष्कळ आहेत. पण माझ्या कर्माचे ओझे जड आहे, म्हणून गुरूचा मान मला मिळत नाही. त्या उत्तरात तक्रार नाही, ढोंगही नाही.

अंतिम परीक्षा

इ. स. ४१३ च्या सुमारास चांगआनमध्ये त्यांचा अंत झाला. जाण्यापूर्वी त्यांनी भिक्षूंना बोलावले आणि आपल्या अनुवादात जर चूक नसेल तर दहनानंतर आपली जीभ जळू नये, अशी इच्छा व्यक्त केली. चिता विझली तेव्हा जीभ शिल्लक होती, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या जिभेचा म्हणून मानला जाणारा मनोरा आजही वूवेई येथे उभा आहे. दुनह्वांगजवळ त्यांच्या प्रवासात मरण पावलेल्या पांढऱ्या घोड्याच्या स्मरणार्थ बांधलेला मनोरा आहे. शीआनजवळच्या मठात त्यांचा स्तूप आहे, तर कुचाजवळ किझिल लेण्यांसमोर त्यांची मूर्ती बसलेली आहे.

ज्या राजाने त्यांना राजगुरू केले, त्याचे राज्य त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांत नष्ट झाले. त्यांनी घडवलेले शब्द मात्र टिकले. पुढे थिएनथाई संप्रदाय त्यांच्या सद्धर्मपुंडरीकावर उभा राहिला. जपानमध्ये तेराव्या शतकात निचिरेन यांनी त्याच ग्रंथाला जीवनाचा आधार मानले. सातव्या शतकात युआन श्वांगसारख्या महापंडिताने वज्रच्छेदिकेचा नवा अनुवाद केला, तरी लोक कुमारजीवांचाच पाठ म्हणत राहिले.

इ. स. ८६८ मध्ये वांग ज्ये नावाच्या एका माणसाने आपल्या आईवडिलांच्या नावे वज्रच्छेदिका छापून लोकांना मोफत वाटली. तो पाठ कुमारजीवांचा होता. ती गुंडाळी दुनह्वांगच्या एका बंद गुहेत शतकानुशतके पडून होती. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि छपाईची तारीख असलेला जगातील सर्वांत जुना संपूर्ण ग्रंथ म्हणून ओळखली जाते.

आपल्यासाठी

वाचकहो, आता त्या अर्हताच्या भाकिताकडे वळू या. शील अभंग राहिले नाही तर हा मुलगा केवळ एक हुशार आचार्य होऊन राहील, असे तो म्हणाला होता. व्रत तर मोडले. मग भाकीत खरे ठरले का? स्वतःच्या बाबतीत कुमारजीवांनी ते खरेच मानले आणि आयुष्यभर स्वतःला कमी लेखले. पण कोट्यवधी लोकांनी त्यांच्या शब्दांचा हात धरून वाट काढली. या मार्गात तुझे स्वतःचे हित होणार नाही, हे आईने सांगितले होते आणि त्यांनी ते समजून उमजून पत्करले होते.

आपल्या साधनेतही असे प्रसंग येतात. नेम तुटतो. कधी आपल्या चुकीने, कधी परिस्थितीच्या रेट्याने. मग मन म्हणते, आता काय उरले, सोडून द्यावे. किंवा म्हणते, नियमांना तसा काही अर्थ नव्हताच. या दोन्ही वेळी कुमारजीवांना आठवावे. चिखलाला चिखल म्हणण्याचे धैर्य ठेवावे आणि हातातले कमळ खाली पडू देऊ नये. जी वर्षे वाया जात आहेत असे वाटते, त्या वर्षांत एखादी भाषा, एखादे कौशल्य, एखादा सद्गुण शांतपणे शिकत राहावे. त्याचा उपयोग कोणाला आणि कधी होईल, हे ठरवणे आपल्या हाती नाही.

आज रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा. माझे कोणते काम मी केवळ एकदा खंड पडला म्हणून सोडून दिले आहे? उत्तर मिळाले, तर उद्या सकाळी ते पुन्हा हाती घ्या.